पारदर्शक पिनबॉल: अ‍ॅक्रिलिकची जाडी हा नंतरचा प्रश्न

तुमचा प्रश्न असा: घरच्या घरी पूर्ण पारदर्शक पिनबॉल मशीन बनवायचं आहे, कॅबिनेटपासून प्लेफील्डपर्यंत (ज्यावरून बॉल घरंगळतो ती उतरती फळी) सगळं अ‍ॅक्रिलिकचं. मित्राकडे लेझर कटर आहे. तर ८ मिमीचं शीट पुरेल का १० मिमीचं घ्यावं, आणि १२ व्होल्टचे सोलेनॉइड (वीज सोडली की दांडा ओढणारी कॉइल) व आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) यांवर काम भागेल का? तुम्ही पुण्यात कंट्रोल पॅनेलच्या कामात आहात, वायरिंगची सवय आहे, हेही लिहिलंय. थोडक्यात उत्तर: शीट १२ मिमीचं, १२ व्होल्ट विसरा, आर्डुइनोबद्दल पुढे बोलू. पण एवढं वाचून शीट आणायला निघू नका. त्याआधी ठरवायच्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या काहींनी जाडीचं उत्तरही बदलतं.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो. पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा. पण १९६० आणि ७०च्या दशकांतली, रिलेवर (विजेनं उघड-मीट होणाऱ्या स्विचवर) चालणारी पिनबॉल मशीन दुरुस्त करणं हा माझा बरीच वर्षं चाललेला उद्योग आहे, आणि त्यातूनच तळघरात एक पारदर्शक मशीन उभं राहिलं. गॉटलीब, बॅली, विल्यम्स या सगळ्या कंपन्या मूळच्या याच शहरातल्या. त्यामुळे जुने सुटे भाग आणि ते बघताक्षणी ओळखणारी म्हातारी माणसं, दोन्ही इथे भेटतात. तुम्हाला पुण्यात ही सोय नाही. उलट इथे ज्या कामासाठी मला आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं, ती कामं तुमच्याकडे भोसरीत एका दुपारी होतात.

आता खरी अडचण काय ते बघू. पिनबॉलचं प्लेफील्ड हा नुसता उतरता पाट नसतो. त्याच्या खालच्या अंगाला कॉइल, लोखंडी ब्रॅकेट, स्विच, दिवे लटकलेले असतात आणि एका डावात ते त्या फळीला शेकडो दणके देतात. लाकूड हा मार खातं, कारण ते थोडं दबतं, आवाज गिळतं आणि त्यात स्क्रू कुठेही पिळता येतो. अ‍ॅक्रिलिकला यातलं काहीच जमत नाही. हा झाला एक भाग. दुसरा भाग लोकांच्या लक्षात उशिरा येतो: मशीन पारदर्शक केलं की त्याचं पोट हाच त्याचा चेहरा होतो. मग त्या पोटात बघण्यासारखं काय आहे?

आजच्या मशीनमध्ये खरं सांगायचं तर फारसं नाही. एखाददुसरा बोर्ड, थोड्या केबली, बाकी कॉइल. विचार करणारा भाग चिपच्या आत असतो आणि चिप काही पारदर्शक करता येत नाही. १९७७च्या आसपास मायक्रोप्रोसेसर रुळू लागले. त्याआधीच्या मशीनमध्ये मात्र सगळा विचार डोळ्यांसमोर चालतो. बॉल बंपरला (त्याला उडवून लावणाऱ्या गोल खांबाला) लागला की दहा गुणांचा रिले टक् करून ओढला जातो, त्याचे संपर्क मिटतात, स्कोअर रीलची, म्हणजे गुण दाखवणाऱ्या आकड्यांच्या चाकाची, कॉइल खटक्यानं ते चाक एक घर पुढे ढकलते. नऊवरून शून्यावर जाताना तेच चाक स्वतःचा स्विच दाबून शेजारच्या शंभराच्या चाकाला खबर देतं. पन्नास गुण असतील तर गंमत आणखी वाढते: गॉटलीबच्या मशीनमध्ये स्कोअर मोटर एक तृतीयांश फेरा फिरते आणि तिच्या कॅमवरून पाच ठोके एकामागून एक जातात. बेरीज कशी होते हे लहान मूलही बघून सांगू शकतं. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा इथल्या पॅसिफिक पिनबॉल म्युझियममध्ये एक पारदर्शक मशीन आहे आणि तेही याच जुन्या, रिलेच्या जातीचं आहे. ते उगाच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: पारदर्शक करायचं तर गुणांचं गणित रिलेवर ठेवा. चिपवर चालणारं मशीन पारदर्शक करायचा खर्च मी करणार नाही. त्यापेक्षा तोच पैसा चांगल्या चित्रांच्या लाकडी प्लेफील्डवर घालीन. तुमच्यासाठी तर हा सरळ रस्ता आहे. पॅनेलमध्ये रोज हाताळता ते ११ पिनांचे, पारदर्शक टोपीचे प्लग-इन रिले २४ व्होल्ट एसी कॉइलमध्ये टपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. त्यांचा आवाज जुन्या गॉटलीबच्या रिलेइतका भरीव नाही, पण आत आर्मेचर हलताना दिसतं आणि रात्री दिवे मंद केले की संपर्कांवरची बारीक ठिणगीही दिसते. बघणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. स्कोअर रील मात्र जुन्या मशीनमधूनच काढून मागवावे लागतील. ते जमेपर्यंत यंत्रांवर बसवतात तसे ठोके मोजणारे जुने इलेक्ट्रोमेकॅनिकल काउंटर लावा. दिसायला साधे असतात, पण प्रामाणिकपणे मोजतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्या तुम्ही लिहिल्या नाहीत, म्हणून माझं उत्तर तिथे सैल राहील. मशीन कुठे उभं राहणार? उन्हाच्या खिडकीशी का बंद खोलीत? खेळणार कोण? घरातली दोन मोठी माणसं का सोसायटीतली सगळी पोरं? पोरं असतील तर ती मशीनवर रेलणार, काठावर बसणार, आणि कॅबिनेटच्या बाजू अ‍ॅक्रिलिकच्या असतील तर एक दिवस तडा जाणारच. तिथे ६ मिमी पॉलिकार्बोनेट लावा. आणि मशीन कायम घरात राहणार का प्रदर्शनांना फिरणार? फिरणार असेल तर सगळी जोडणी बोल्टची ठेवा. आपल्याकडे अ‍ॅक्रिलिकवाले क्लोरोफॉर्म ओतून जोड मारतात. तो सांधा शोकेसला ठीक असतो, रोज हादरे खाणाऱ्या कॅबिनेटला नाही. शिवाय त्याची वाफ बंद खोलीत घेण्यासारखी नसते.

आता शीटकडे. इथे जरा रेंगाळतो, कारण पैसे इथेच वाया जातात.

साधारण आधुनिक प्लेफील्ड २०¼ इंच रुंद आणि ४२ इंच लांब असतं, म्हणजे ५१४ बाय १०६७ मिमी. लाकडी प्लेफील्ड सुमारे अर्धा इंच जाडीच्या प्लायचं. तेवढंच अ‍ॅक्रिलिक १२ मिमीत घेतलं तर कापण्याआधी वजन पावणेआठ किलोच्या आसपास भरतं; त्याच मापाच्या प्लायच्या जवळजवळ पावणेदोन पट. आणि इतकं जड असूनही ते प्लायपेक्षा लवचीक: अ‍ॅक्रिलिकचा ताठरपणा चांगल्या प्लायच्या साधारण एक तृतीयांश. जाडीचा परिणाम घनाच्या पटीत होतो, म्हणून ८ मिमीचं शीट १२ मिमीच्या तुलनेत तीन पटींहून जास्त वाकतं. खाली दहा-बारा किलो लोखंड लटकवलं की मध्यभागी झोळ येतो. त्यात अ‍ॅक्रिलिक कायमच्या वजनाखाली हळूहळू आणखी बसत जातं. तेव्हा १२ मिमी घेऊनसुद्धा खालून दोन्ही कडांना लांबीभर आणि मध्ये निदान दोन आडवे अ‍ॅल्युमिनियमचे अँगल हवेतच. ते दिसतील. दिसू द्या; नीट घासून-पुसून लावले तर वाईट दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट तापमानाची. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी वाढतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या एक तृतीयांश. मे महिन्याची दुपार आणि डिसेंबरची पहाट यांत ३० अंशांचा फरक धरला तर तुमचं शीट लांबीत सव्वादोन मिमी हलतं आणि खालचा अँगल पाऊण मिमी. उरलेला दीड मिमी कुठे जाणार? बोल्टची भोकं घट्ट असतील तर भोकातून चीर निघते. म्हणून अँगलच्या मधोमध एकच बोल्ट नेमका बसवायचा आणि बाकीच्या भोकांना लांबीच्या दिशेनं खाच द्यायची, मोठा वॉशर, खाली पातळ नायलॉन वॉशर, आणि नायलॉक नट हातानं घट्ट झाल्यावर पाव फेरा. थ्रेडलॉकरची बाटली या कामात घरात आणूही नका. नेहमीचं थ्रेडलॉकर अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्हींना खातं. ताण असलेल्या जागी केसासारख्या चिरा दिसू लागतात आणि त्या परत जात नाहीत.

अ‍ॅक्रिलिक का पॉलिकार्बोनेट? पॉलिकार्बोनेट फुटत नाही, ड्रिल करताना तडकत नाही, आग लागली तर पेट धरायला तयार नसतं. पण ओरखडे लगेच पडतात आणि ताठरपणा अ‍ॅक्रिलिकपेक्षाही कमी. ऐंशी ग्रॅमचा पोलादी बॉल ज्यावरून सतत घरंगळणार त्या पृष्ठभागाला मी अ‍ॅक्रिलिक पसंत करतो, तेही कास्ट (साच्यात ओतलेल्या) प्रकारचं. स्वस्त एक्स्ट्रूडेड (दाबून काढलेल्या) शीटमध्ये आतला ताण जास्त असतो आणि भोकाशी ते लवकर चिरतं. विकणाऱ्याला नुसतं ‘क्लिअर अ‍ॅक्रिलिक’ म्हणू नका, कास्ट म्हणून मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. बाकी कॅबिनेटच्या बाजू, रॅम्प, बॉलला वळवणारे छोटे तुकडे, जिथे धक्का थेट लागतो ते सगळं पॉलिकार्बोनेटचं.

आणि मित्राचा लेझर? इथे तुम्हाला आवडणार नाही असं सांगतो. लेझरनं कापलेल्या अ‍ॅक्रिलिकची कड चकचकीत दिसते, पण तिथे वितळून गार झालेला थर ताण धरून बसतो. मग सहा महिन्यांनी कोणी स्पिरिटनं पुसलं की प्रत्येक भोकाभोवती जाळी उमटते. ८० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवून सावकाश गार केलं तर हा ताण उतरतो, पण मीटरभर लांबीची भट्टी मित्राकडे नसेल. प्लेफील्ड सीएनसी राउटरवर कापून घ्या. भोसरीत हे काम करणारे भेटतील; त्यांना अ‍ॅक्रिलिकची धारदार नवी हत्यारं वापरायला सांगा. लेझर वाया जात नाही. प्लायच्या नमुन्याला आणि तीन मिमीच्या बारीक तुकड्यांना तो उत्तम. पॉलिकार्बोनेटला मात्र लावू नका, कड तपकिरी जळते.

आता यंत्रणा बसवायची कशी. अ‍ॅक्रिलिकमध्ये आटे पाडून स्क्रू लावायचा मोह होतो, दिसायला तो स्वच्छ दिसतो. फ्लिपरखाली (बटण दाबलं की बॉल मारणाऱ्या दांडीखाली) तो टिकत नाही. आरपार भोक, आरपार बोल्ट, दुसरा मार्ग नाही. त्याहून महत्त्वाचं: आघात जिथे निर्माण होतो तिथेच, लोखंडातच, जिरला पाहिजे. काही जुन्या मशीनमध्ये फ्लिपरची कॉइल एका ब्रॅकेटवर आणि त्याच्या दांड्याचं बुशिंग वेगळं, असे दोन्ही स्वतंत्रपणे लाकडात स्क्रूनं बसवलेले असतात. म्हणजे प्रत्येक झटका लाकडातून जातो. पुढच्या काळातल्या जोडणीत कॉइल, तिचा अडसर आणि बुशिंग एकाच जाड पोलादी प्लेटवर असतात. झटका प्लेटच्या आतच सुरू होतो आणि आतच संपतो. अ‍ॅक्रिलिकला फक्त प्लेट धरून ठेवायची असते. तुम्हाला ही दुसऱ्या प्रकारचीच जोडणी हवी. पॉप बंपर सगळ्यांत दांडगट, कारण तो कडं वरून खाली ओढतो आणि ब्रॅकेट वरच्या दिशेनं शीटला ढोसतं. त्याच्या खाली दोन मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट आणि मध्ये पातळ रबर घाला, म्हणजे भार पसरेल.

यानंतरचा सल्ला ऐकायला कंटाळवाणा वाटेल: आधी सगळं प्लायमध्ये करा. पिनबॉलवाले याला व्हाइटवुड म्हणतात: रंग नाही, चित्र नाही, नुसती भोकं पाडलेली फळी. तिच्याही आधी माझी पद्धत आणखी गावठी आहे. आपल्याकडे खिळे ठोकलेलं बॅगाटेल घरोघरी असायचं, तसंच करायचं. पाटावर खिळे ठोकायचे, त्यांना रबर ताणायचे, हातानं बॉल सोडून बघायचा. पिनबॉल तिथूनच जन्मलं. स्प्रिंगच्या प्लंजरचं (बॉल मारून खेळात सोडणाऱ्या दांड्याचं) पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्हनं १८७१ मध्ये घेतलं, तेव्हा तो बॅगाटेलच सुधारत होता. फ्लिपर त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९४७ साली, गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनमध्ये हॅरी मॅब्सनं आणले, आणि तेही सहा, दोन्ही बाजूंना तीन-तीन. म्हणजे सात दशकं लोक फ्लिपरशिवायच खेळ रंगवत होते. खिळ्यांवर जी वाट रंगत नाही, तिला दिवे लावूनही फार फरक पडत नाही.

प्लायवर उताराचा निर्णय घ्या. आधुनिक मशीनचा उतार साडेसहा अंश असतो, जुन्या रिलेवाल्यांचा साडेतीनच्या आसपास. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. हिशोब केला तर साडेतीन अंशांवर मीटरभर उतार घरंगळायला बॉलला दोन सेकंदांहून जरा जास्त लागतात, साडेसहावर दीड सेकंदाच्या थोडं पुढे. पारदर्शक मशीनला मी मधला, साडेचार-पाच अंशांचा उतार देईन. खाली काय चाललंय ते बघायला खेळणाऱ्याला आणि शेजारी उभ्या असलेल्याला थोडी उसंत मिळते. पाय फिरवून कमी-जास्त करता येतील असे घ्या, म्हणजे हा वाद कायमचा मिटत नसला तरी पान्ह्यानं मिटवता येतो.

प्लायवर दोन-तीन महिने घरच्यांना, पाहुण्यांना मनसोक्त खेळू द्या. भोकं सरकवा, बुजवा, पुन्हा पाडा. लाकडात चुकीचं भोक पुट्टीनं बुजतं. १२ मिमीच्या कास्ट शीटमध्ये चुकीचं भोक म्हणजे नवीन शीट.

विजेबद्दल. १२ व्होल्टचा ऑनलाइन मिळणारा सोलेनॉइड एक-दोन अँपिअर घेतो, म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस वॅट. निव्वळ गणितानं बघितलं तर ऐंशी ग्रॅमचा बॉल एवढ्या उतारावर वर पोचवायला जूलचा दहावा हिस्सा पुरतो, म्हणून लोकांना वाटतं चालून जाईल. चालतं. पण फ्लिपर बॉलला ढकलत नेतो, मारत नाही, आणि नेम नावाची गोष्ट शिल्लक राहत नाही. ४८-५० व्होल्टच्या अनेक मशीनमध्ये फ्लिपर कॉइलचं जोराचं वेटोळं साधारण चार ओहमचं असतं. म्हणजे काही मिलिसेकंदांसाठी १२ अँपिअरपर्यंत, पाचशे वॅटच्या पुढे. फ्लिपर वर पोचला की टोकाचा स्विच उघडतो आणि शंभराहून जास्त ओहमचं दुसरं वेटोळं मालिकेत येतं. त्यावर तो नुसता धरून ठेवला जातो. हा टोकाचा स्विच नीट लागला नाही, तर तीच कॉइल मिनिटभरात धूर सोडते.

इथे एक इशारा, आणि हा गांभीर्यानं घ्या. लाकडी मशीनमध्ये जळकी कॉइल म्हणजे काळा डाग. तुमच्याकडे तिच्या वर अ‍ॅक्रिलिक आहे, आणि अ‍ॅक्रिलिक पेटतं. एकदा पेटलं की वितळून ठिपकत जळतं. म्हणून प्रत्येक फ्लिपरला वेगळा स्लो-ब्लो फ्यूज, बाकी कॉइलच्या प्रत्येक गटाला वेगळा, कॉइल आणि शीट यांच्यात पितळी स्पेसरनं हवा खेळेल एवढी फट, आणि मुख्य एमसीबी समोरून हाताला येईल असा. कंट्रोलर वापरणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं: मॉस्फेट (कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो, म्हणजे कॉइल कायमची चालू. प्रोग्राम कितीही हुशार असला तरी त्या क्षणी तो काही करू शकत नाही, फ्यूजच करतो.

तुमच्यासाठी मी सुचवलेला रस्ता धरलात तर निम्मी कटकट टळते. २३० वरून २४ व्होल्ट एसी, १० अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि कॉइलही त्याच व्होल्टेजच्या. फ्लिपरचं बटण थेट कॉइलच्या वाटेवर, मध्ये कोणी नाही. म्हणून बोट आणि फ्लिपर यांत जो थेटपणा जुन्या मशीनला जाणवतो तो तुम्हालाही मिळेल. एसीचा प्रवाह दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो, त्यामुळे संपर्कांवरची ठिणगी स्वतःच विझते. तेवढ्याच डीसीवर ती रेंगाळते आणि पाती जाळते. फ्लिपर सुस्त वाटले तर फक्त त्यांच्यासाठी ब्रिज रेक्टिफायर घाला. जुन्या मशीनवाले ही युक्ती सर्रास करतात. मग मात्र कॉइलवर उलटा डायोड आणि टंगस्टनचे जाड संपर्क हवेत.

तरीही कंट्रोलरच हवा असेल, तर एकटा आर्डुइनो घेऊन सगळं शून्यातून लिहीत बसू नका. मिशन पिनबॉल फ्रेमवर्क ही पायथनमधली मोफत प्रणाली खास यासाठीच आहे. तिच्याखाली ओपन पिनबॉल प्रोजेक्टचे खुल्या आराखड्याचे बोर्ड चालतात, किंवा फास्ट आणि पी-रॉकसारखे विकतचे. आर्डुइनो दिवे आणि आवाज यांसाठी ठेवा, तिथे तो खुशाल चुकू दे.

इथवरचं एकत्र धरायचं तर: रिलेचं गणित, २४ व्होल्ट एसी, आधी प्लाय, मग राउटरनं कापलेलं १२ मिमी कास्ट अ‍ॅक्रिलिक, खाली अ‍ॅल्युमिनियमचा आधार, आणि दणका देणारी प्रत्येक गोष्ट स्वतःच्या धातूच्या प्लेटवर. एवढं झालं की मशीन चालेल. खेळता येईल का, हा पुढचा प्रश्न. आणि पारदर्शक मशीनांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

कारण बॉल दिसत नाही. लाकडी प्लेफील्डवर चित्र कितीही भडक असलं तरी ते स्थिर असतं, आणि डोळा हलणारा बॉल पकडतो. पारदर्शक शीटखाली रिले हलतात, तारा चमकतात, ब्रॅकेटवर दिव्यांची प्रतिबिंबं पडतात, आणि आरशासारखा पोलादी बॉल हे सगळं अंगावर घेऊन त्यातच मिसळून जातो. पहिल्यांदा खेळणारा माणूस हटकून खाली बघत राहतो आणि बॉल निसटतो. यावर मी तीन गोष्टी करतो. कॅबिनेटचा तळ पारदर्शक ठेवत नाही. गडद, बिनचमकीचा राखाडी पत्रा घालतो, म्हणजे मागची जमीन आणि लोकांचे पाय दिसत नाहीत. फ्लिपरच्या वरचा हातभर पट्टा खालच्या बाजूनं दुधी फिल्म लावून धूसर करतो. नेम धरायचा तो तिथेच, आणि तिथे खाली फ्लिपरच्या दोन प्लेटांशिवाय बघायला असतंही थोडं. आणि प्रकाश वरून, काचेच्या आतल्या कडेनं, खालच्या दिव्यांपेक्षा जोरात. खालच्या प्रत्येक दिव्याला काळी नळी घालावी लागते, नाहीतर एक दिवा लागला की पूर्ण शीट कडांपर्यंत उजळतं आणि कुठला लागला ते कळतच नाही.

सगळ्यांत सुंदर दिसणारी यंत्रणा कोणती विचाराल तर टिल्टची. दांडीला लटकलेला लोलक, भोवती कडं. मशीन हिसडलं की लोलक कड्याला लागतो आणि डाव संपतो. ती समोरच्या कोपऱ्यात, नजरेच्या उंचीजवळ बसवा. बाकी मशीन ज्यांना कळत नाही त्यांनाही हे एका नजरेत कळतं, आणि मग प्रत्येक जण ते मुद्दाम हलवून बघतो. म्हणून पाय अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला बोल्टनं जोडा, बाजूच्या पारदर्शक शीटवर भार अजिबात नको. चांगलं भरलेलं मशीन शंभर किलोपर्यंत सहज जातं.

वायरिंगबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार, पण पॅनेलमधली सवय इथे थोडी मोडावी लागेल. प्लास्टिकचं चॅनेल लावून झाकण बंद करायची सोय नाही. मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधलेला हार्नेस, एका गटाला एक रंग, आणि वळणं काटकोनात. सामाईक परतीच्या तारेऐवजी प्लेफील्डभर उघडी तांब्याची पट्टी फिरवली तर निम्म्या तारा कमी होतात आणि दिसतेही छान. २४ व्होल्टला ते चालतं, मात्र २३० ची बाजू पूर्ण वेगळ्या, बंद, अपारदर्शक डब्यात. प्लेफील्ड उचलून उभं करता आलं पाहिजे हे विसरू नका. बिजागरीपाशी हार्नेसला सैल वळसा ठेवला नाही, तर तारा पारंब्यांसारख्या लोंबतात किंवा ताणून तुटतात.

स्थिर विजेकडेही बघा. अ‍ॅक्रिलिक कोरड्या कापडानं पुसलं की भारतं, धूळ ओढतं, आणि थंडीच्या कोरड्या दिवसांत बॉल धातूच्या कडेला लागताना चटका सोडतो. रिलेला त्याचं काही नाही, कंट्रोलर मात्र मध्येच रीसेट होतो. वरचे सगळे धातूचे गाइड एकमेकांना जोडून अर्थिंग करा. पुसायला साधं पाणी, थेंबभर भांडी घासायचा साबण आणि मायक्रोफायबर. काच पुसायचा अमोनियावाला फवारा आणि स्पिरिट दोन्ही नकोत.

वरची काच टफन्डच घ्या, ५ मिमी. कधीतरी बॉल उडून तिला लागतोच. टफन केल्यावर ती कापता येत नाही, तेव्हा माप कॅबिनेट उभं राहिल्यावर द्या, आधी नको.

सुट्या भागांत तीन गोष्टी बाहेरून मागवा: फ्लिपरची पूर्ण जोडणी, पॉप बंपर आणि १ १⁄१६ इंची बॉल. यांवर अनेक दशकांची घासाघीस झालेली आहे, घरी बनवून तो हात येत नाही. प्लंजर, टार्गेट, स्विचच्या पात्या, गाइड, पाय हे सगळं पुण्यात होईल आणि बरंचसं इथल्यापेक्षा चांगलं होईल. खर्चाचा आकडा मी देत नाही. डॉलर, कस्टम ड्युटी आणि कुरिअर मिळून तो बदलतच असतो. पण निम्म्याहून जास्त रक्कम या तीन गोष्टी आणि ते एक शीट यांत जाईल असं धरून चाला.

सध्या मागवायची आहे ती फक्त फ्लिपरची एक जोडी आणि चार बॉल. तोवर मित्राच्या लेझरवर १२ मिमी प्लायची फळी कापून घ्या. जुन्या लेझरला एवढी जाडी जड गेली तर सुताराचा जिगसॉ आहेच. फ्लिपर बसवून, खिळे ठोकून एक-दोन वाटा चालत्या झाल्या की फळीचा खालून काढलेला फोटो आणि मशीन ठेवायच्या खोलीची दिशा कळवा. खिडकी पश्चिमेची असेल तर शीटच्या खाचांची मापं मी वेगळी सांगेन.